गावच्या मैदानावर पिर्लो घडवताना

तालुक्याच्या शालेय फुटबॉल सामन्यांत जवळजवळ प्रत्येक संघात असा एक पोट्टा असतो. धावण्यात मागे, अंगानं किडकिडीत, टक्कर झाली की आधी तोच पडतो. पण चेंडू त्याच्याकडे गेला की खेळाची धावपळ क्षणभर थांबते आणि पुढचा पास बरोबर मोकळ्या गड्याच्या पायात जातो. आपल्याकडे अशा पोराला बहुतेक वेळा विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला टाकतात. तिथं तो वेगात कमी पडतो आणि दोन सामन्यांनी राखीव गड्यांत जाऊन बसतो. पुढचं सगळं त्या पोरासाठी आणि त्याला शिकवणाऱ्या सरांसाठी किंवा गावातल्या थोरल्या खेळाडूसाठी लिहिलं आहे.

इटलीचा आंद्रेया पिर्लो याच घडणीचा होता. १९ मे १९७९ ला ब्रेशा जिल्ह्यातल्या फ्लेरो गावी जन्म. मे १९९५ मध्ये, सोळा वर्षं नुकती पूर्ण झालेली असताना, ब्रेशा क्लबकडून सेरी आ मध्ये, म्हणजे इटलीच्या सर्वात वरच्या लीगमध्ये, पहिला सामना. तेव्हा तो स्ट्रायकरच्या, म्हणजे सगळ्यात पुढच्या गड्याच्या, मागं खेळणारा, दहा नंबरचा खेळाडू होता. २००० साली इटलीच्या एकवीस वर्षांखालील संघानं युरोपची स्पर्धा जिंकली तेव्हा स्पर्धेत सर्वाधिक गोल त्याचे होते. तरीही १९९८ मध्ये त्याला घेणाऱ्या इंटर मिलाननं त्याला कधी पक्की जागा दिली नाही. आधी रेजिनाला उसना दिला, मग २००१ च्या सुरुवातीला परत ब्रेशाला. तिथं दहा नंबरच्या जागी रोबेर्तो बाजो होता, त्यामुळे प्रशिक्षक कार्लो मात्सोने यांनी पिर्लोला वीस-पंचवीस मीटर मागे, बचावफळीच्या अगदी पुढ्यात उभं केलं. त्या उन्हाळ्यात तो एसी मिलानला गेला आणि तिथं प्रशिक्षक कार्लो आन्चेलोत्ती यांनी तीच जागा कायम केली. मिलानकडून ४०१ सामने, २००३ आणि २००७ ची चॅम्पियन्स लीग, २००६ चा विश्वचषक, २०११ नंतर युव्हेंटसकडून सलग चार लीग विजेतेपदं, इटलीसाठी ११६ सामने, हे सगळं त्या मागे सरकण्यानंतरचं आहे. २०१७ मध्ये न्यूयॉर्क सिटीकडून खेळून तो निवृत्त झाला.

इटालियनमध्ये या जागेला रेजिस्ता म्हणतात, म्हणजे दिग्दर्शक. मिलानसारखी सोय आपल्याकडे नाही, काळ्या मातीचं शाळेचं मैदान आहे. तरी ही जागा तिथं शिकवता येते, कारण तिला लागणारं साहित्य फार थोडं आहे आणि वेग तर त्याहून कमी लागतो.

पोरगा निवडताना

तेरा ते सोळा वयाची मुलं घ्या. याहून लहान मुलांची जागा ठरवू नका, त्यांना सगळीकडे खेळू द्या. पिर्लोची स्वतःची जागा एकविसाव्या वर्षी बदलली, हे लक्षात असू द्या.

शर्यत लावून निवड करू नका. बोटांची चाचणी घ्या. पोरगा मध्ये उभा राहील. त्याच्यासमोर १० मीटरवर एक गडी चेंडू घेऊन, पाठीमागे ८ मीटरवर दुसरा गडी. समोरच्यानं पास द्यायला पाय उचलला की मागच्यानं हाताची एक ते पाच बोटं वर करायची. चेंडूला पाय लागायच्या आत पोरानं आकडा मोठ्यानं सांगायचा. असे दहा पास द्या. पहिल्या दिवशी बहुतेकांचे दोन-तीन आकडे बरोबर येतात. सहाच्या वर गेलेला पोरगा बाजूला काढा, तो लंगडा धावत असला तरी चालेल. चार-पाच आले पण चेंडू एकदाही पायातून सुटला नाही, तोही ठेवा.

दुसरी गोष्ट पाहायची ती दुसरा पाय. उजव्यानं खेळणाऱ्याला डाव्या पायानं १५ मीटरचे दहा पास जमिनीवरून द्यायला लावा. पाच नीट गेले तर पुढं शिकवता येईल. एकही गेला नाही तर आधी महिनाभर फक्त डावा पाय. एकाच पायाच्या रेजिस्ताला समोरचा संघ पंधरा मिनिटांत ओळखतो आणि त्याच बाजूनं दाबतो.

मैदान आणि चेंडू

अचूक पास देणाऱ्या पोराला मैदानाचा स्वभाव इतर सगळ्यांपेक्षा आधी कळला पाहिजे. काळ्या मातीचे तीन स्वभाव आहेत. मार्चपासून ती दगडासारखी होते, दोन-दोन बोटांच्या भेगा पडतात, चेंडू सरपटत नाही, उड्या मारत येतो. पावसात तीच माती चेंडूला धरून ठेवते, वीस मीटरचा पास बारा मीटरवर मरतो. आणि वावरात वापसा येतो तसा मैदानातही येतो, पाऊस उघडून एक-दोन दिवस झाले की. पास शिकवायला वापशाचे दिवस सोन्यासारखे. त्या दिवशी दुसरं काही घेऊ नका.

पूर्ण मैदान नीट करणं आपल्या हातात नसतं, पण मधला ३० बाय ३० मीटरचा पट्टा करता येतो. उन्हाळ्यात भेगांमध्ये बारीक मुरूम आणि रेती निम्मी-निम्मी भरून पाणी मारा, धुम्मस नसेल तर पाण्यानं भरलेली टाकी लोटत फिरवा. नुसती काळी माती भरली तर पहिल्या पावसात ती फुगून वर येते आणि सुकल्यावर पुन्हा तिथंच फाटते. सरावाआधी रोज दोन मुलांनी त्या पट्ट्यातून अनवाणी न जाता, चपला घालून, बाभळीचे आणि गोखरूचे काटे वेचायचे. काट्यानं चेंडू पंक्चर होतो ते वेगळंच, पण भेगेत पाय जाऊन घोटा मुरगळणं हे उन्हाळी सरावातलं सगळ्यात मोठं नुकसान आहे.

तेरापासून पुढे पाच नंबरचा चेंडू, त्याआधी चार नंबरचा. पाच नंबरच्या चेंडूचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर आणि वजन ४१० ते ४५० ग्रॅम असतं. हवेचा दाब नियमानुसार ८.५ ते १५.६ पीएसआय. सायकलच्या पंपाला मीटर नसतं, म्हणून शाळेच्या सिमेंटच्या ओट्यावर तपासा: २ मीटरवरून सोडलेला चेंडू सव्वा ते दीड मीटर उसळला पाहिजे. कडक मैदानावर हवा खालच्या अंगाची ठेवा, चेंडू थोडा ऐकतो. सुई घालायच्या आधी थुंकी किंवा पाण्यानं ओली करा, कोरडी सुई आतली रबरी झडप फाडते आणि मग चेंडू दर दिवशी बसतो.

पावसात बुटाच्या तळाला चिखलाचे थर चढत जातात, दहा मिनिटांत पाय दुप्पट जड होतो आणि पास आखूड पडायला लागतात. पोराला वाटतं आपलं तंत्र बिघडलं. मैदानाच्या कडेला तुराटीचे वीतभर तुकडे ठेवा. खेळ थांबला की तुकड्यानं तळ खरवडायचा, गोट्यांच्या मधली माती टोकानं काढायची, मग चेंडू फडक्यानं पुसायचा. सामन्यातही हे करायला लाजू नये.

खुणांसाठी शंकू लागत नाहीत. एक लिटरच्या रिकाम्या बाटल्या, एक तृतीयांश रेती भरून, वाऱ्याला पडत नाहीत. तुराट्या किंवा पऱ्हाट्या मैदानात रोवू नका. पडणाऱ्या पोराच्या पोटात किंवा डोळ्यात टोक जातं.

मान फिरवणं

पिर्लोची जुनी चित्रफीत पाहायला बसाल तेव्हा चेंडूकडे पाहू नका, चेंडू दुसऱ्याकडे असताना त्याच्या मानेकडे पाहा. पास येण्याआधी तो डावीकडे पाहतो, उजवीकडे पाहतो, पुन्हा चेंडूकडे. चेंडू पायात आला तेव्हा त्याचं ठरलेलं असतं. त्याला घाई करताना क्वचितच पाहायला मिळतं, त्याचं कारण हे आहे.

मोबाईलवर अशी चित्रफीत लावून पोराला दहा मिनिटं मान मोजायला बसवा. मग मैदानात. बोटांचीच चाचणी आता सराव म्हणून घ्या, पण मागच्या गड्याच्या हातात दोन जुन्या ओढण्या द्या, एक लाल, एक हिरवी. समोरचा पास द्यायला पाय उचलत असताना मागचा गडी एक वर करतो. लाल म्हणजे मागून माणूस आला, एका टचमध्ये, म्हणजे एकदाच पाय लावून, चेंडू परत. हिरवी म्हणजे मोकळं आहे, वळून पुढं. दिवसाला वीस पास, दहा-दहाच्या दोन फेऱ्या. आठवड्याभरानं मागच्या गड्याला जागा बदलायला सांगा, कधी उजव्या खांद्यामागे, कधी डाव्या. नाहीतर पोरं एकाच बाजूला पाहायची सवय लावून घेतात.

चूक कुठं होते? पोरगा पास निघाल्यावर पाहतो. त्याला वेळ अशी समजावून सांगा: चेंडू सेंटर बॅककडे, म्हणजे बचावफळीच्या मधल्या गड्याकडे, जात असताना पहिली नजर, सेंटर बॅक पाय उचलत असताना दुसरी. पास सुटल्यावर नजर फक्त चेंडूवर, विशेषतः आपल्या खडबडीत मैदानावर, जिथं शेवटच्या एका मीटरात चेंडू उडी मारू शकतो.

बाकीच्या गड्यांनी ओरडायचं कसं हेही ठरवा. दोनच हाका पुरतात. ‘मांगं हाय!’ आणि ‘फिर!’ लांब वाक्यं सांगेपर्यंत चेंडू गेलेला असतो. आणि हाक चुकीची दिली तर त्या गड्याला तिथल्या तिथं सांगा, कारण दोनदा फसलेला पोरगा हाकेवर भरवसा ठेवायचं सोडतो.

अंग उघडून चेंडू घेणं

गावाकडे बहुतेक पोरं पास घ्यायला चेंडूकडे तोंड करून सरळ उभी राहतात. अशा वेळी पाठीमागचं अर्धं मैदान त्यांना दिसत नाही. कंबर आडवी वळवा: एक खांदा आपल्या गोलकडे, दुसरा समोरच्या गोलकडे. चेंडू जवळच्या पायासमोरून जाऊ द्यायचा आणि लांबच्या पायाच्या आतल्या बाजूनं घ्यायचा. एका टचमध्ये पोरगा पुढं वळलेला असतो.

सराव असा: सेंटर बॅकपासून १५ मीटरवर पोरगा. त्याच्यामागे डावीकडे आणि उजवीकडे, १० मीटर लांब, बाटल्यांची दोन-दोन मीटर रुंद फाटकं. मागून एक गडी कोणत्यातरी एका फाटकाकडे सरकतो. पोरानं दुसऱ्या फाटकाकडे पहिला टच घ्यायचा आणि दुसऱ्या टचला चेंडू त्यातून पाठवायचा. तिसरा टच झाला की ती खेप बाद. वापशाच्या मैदानावर पहिला टच मीटरभर पुढं पडला तर उत्तम. कडक मैदानावर अर्ध्या मीटरच्या आत ठेवा, कारण पुढची उडी कुठं जाईल सांगता येत नाही. उसळत येणाऱ्या चेंडूवर तळवा ठेवून तो दाबायला जाऊ नका, पायाखालून निसटतो. चेंडू टप्पा पडून वर येतानाच पायाच्या आतल्या बाजूनं, घोटा घट्ट धरून, पंजा किंचित उचलून अडवा.

पासचं वजन

चेंडू कुठं द्यायचा हे पाहणारी मुलं पुष्कळ भेटतात, किती जोरानं द्यायचा हे कळणारी फार कमी. चुन्यानं दोन रेषा मारा, एक २० मीटरवर, दुसरी २२ मीटरवर. जमिनीवरून दिलेला चेंडू या दोन रेषांमध्ये थांबला पाहिजे, कोणी अडवायचं नाही. दहा चेंडूंत चार थांबले की अंतर ३० ते ३२ करा. हाच सराव कोरड्या दिवशी, वापशात आणि चिखलात, तिन्ही वेळा घ्या आणि आकडे वहीत लिहा. पोराला स्वतःला कळू लागतं की आज पायात किती जोर घालायचा. सामन्याच्या दिवशी नाणेफेकीआधी असे पाच पास परक्या मैदानावर देऊन पाहिले तर पहिली दहा मिनिटं वाया जात नाहीत.

धावत्या गड्याला पास त्याच्या पुढं द्यायचा, पण किती पुढं, हे त्याच्या वेगावर आहे. त्यासाठी रेजिस्ता आणि संघाचा स्ट्रायकर यांची जोडी लावून द्या, रोज त्याच दोघांनी पंधरा-वीस पास. जोडी बदलत राहिलात तर कोणाचंच माप बसत नाही.

लांब पास

१ एप्रिल २००१, तूरिनमध्ये युव्हेंटसविरुद्ध ब्रेशा एका गोलनं मागे. पिर्लोनं मैदानाच्या मध्यापासून बचावफळीच्या डोक्यावरून चेंडू टाकला. बाजोनं धावता धावता तो पायावर असा झेलला की त्याच टचमध्ये गोलरक्षक फान डर सार मागं पडला, आणि रिकाम्या गोलमध्ये चेंडू गेला. सामना १-१ सुटला. मागे आणलेल्या पिर्लोची खरी किंमत कळायला हा एक पास पुरेसा आहे.

शिकवताना तो असा मोडा. चेंडूच्या मागं तिरपं, साधारण ४५ अंशांच्या कोनात तीन-चार पावलं. टेकायचा पाय चेंडूच्या बाजूला २० ते २५ सेंटिमीटर आणि किंचित मागं. मारायचा पाय अंगठ्याच्या मुळाशी, बुटाच्या लेसच्या आतल्या अंगानं, चेंडूच्या मध्याच्या खाली लागला पाहिजे. घोटा लाकडासारखा घट्ट. अंग जरासं मागं. मारल्यावर पाय लक्ष्याच्या दिशेनं पुढं जाऊ द्यायचा. चौदा-पंधराच्या पोराला ३० मीटर पुरेत, सोळानंतर ४०. चुन्यानं ५ बाय ५ मीटरचा चौकोन आखा, चेंडूचा पहिला टप्पा त्यात पडायला हवा. दहापैकी सहा पडले की चौकोन ४ मीटरचा करा.

बिघाड तीन प्रकारचे येतात आणि तिन्ही लांबून ओळखता येतात. चेंडू आभाळात जाऊन मध्येच पडतो, म्हणजे अंग फार मागं गेलं. चेंडू आतल्या बाजूला वळत जातो, म्हणजे टेकलेला पाय चेंडूला फार चिकटला आहे. चेंडू जमिनीवर खुरडत जातो, म्हणजे पोरानं मारण्याआधीच डोकं वर केलं. एका वेळी एकच दोष सांगा. मे महिन्यात दुपारनंतर वावटळ सुटते, तेव्हा लांब पास शिकवून काही साधत नाही. सकाळी सहा ते साडेसात हीच वेळ धरा. पाण्याच्या कळशीबरोबर मीठ-साखरेचं पाणी ठेवा: एक लिटर स्वच्छ पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, वर लिंबू पिळा.

ग्रोसोला दिलेला पास

हा पास स्वतंत्र शिकवण्यासारखा आहे. ४ जुलै २००६, डॉर्टमुंड, विश्वचषकाची उपांत्य फेरी, समोर यजमान जर्मनी, ११९ वं मिनिट, अजून ०-०. कॉर्नरवरून परतवलेला चेंडू पेनल्टी क्षेत्राच्या कडेला पिर्लोकडे आला. तिथून दहापैकी नऊ खेळाडू गोलवर मारतात. पिर्लोनं मारलं नाही. तो चेंडू घेऊन कडेकडेनं उजवीकडे सरकत गेला, छोटे छोटे टच घेत. प्रत्येक टचला एक-एक जर्मन बचावपटू त्याच्याकडे ओढला गेला, कारण प्रत्येकाला वाटलं आता मारणार. त्यांच्या पाठीमागे, उजव्या अंगाला, फाबियो ग्रोसो मोकळा होता. पिर्लोनं त्याच्याकडे न पाहता पायांच्या गर्दीतून चेंडू सरकवला. ग्रोसोनं पहिल्याच टचला डाव्या पायानं वळवून लांबच्या खांबाजवळून गोलात घातला. लगेच देल पिएरोचा दुसरा गोल आणि इटली अंतिम फेरीत.

सरावात पेनल्टी क्षेत्राच्या कडेवर तीन बचावपटू, ओळीत, तीन-तीन मीटर अंतरानं. रेजिस्ता मध्ये, एक साथीदार लांबच्या बाजूला लपलेला. नियम: चार ते सहा टच घ्यायचे, त्याआधी पास नाही. प्रत्येक टच अर्ध्या मीटरहून लांब जाऊ द्यायचा नाही. दोन बचावपटू पाऊल पुढं टाकतील त्या क्षणी पास. आठवड्यातून एकदा, पंधरा खेपा. पोरं सुरुवातीला दुसऱ्याच टचला पास देऊन टाकतात, भीतीनं. त्यांना थांबायला शिकवण्यात महिना जातो, तो जाऊ द्या.

आजूबाजूला कोण हवं

पिर्लो एकटा उभा केला तर दहा मिनिटांत तुडवला जातो. मिलानमध्ये त्याच्या उजवीकडे गात्तुसो होता, डावीकडे सेडॉर्फ, पुढं आधी रुई कोस्टा आणि मग काका. युव्हेंटसमध्ये विदाल आणि मार्किझिओ, २०१२ पासून पोग्बाही. म्हणजे रेजिस्ताच्या दोन बाजूंना धावणारे, चेंडू हिसकावणारे दोन गडी लागतात. गावात असे पोट्टे मिळायला अडचण नसते, कबड्डीतून पुष्कळ मिळतात. त्यांना एवढंच सांगा की चेंडू हिसकावला की दोन टचमध्ये मधल्या पोराला द्यायचा.

आपल्याकडे चेंडू असताना रेजिस्ता सेंटर बॅकपासून १२ ते १५ मीटर पुढं. चेंडू गेला की ८ ते १० मीटरवर परत. त्यानं अंगावर जाऊन टॅकल करायचा नाही, समोरच्या स्ट्रायकरकडे जाणारी पासची वाट अडवून उभं राहायचं. त्याचं धावणं आखूड पण सतत असतं: पाच पावलं इकडे, सहा पावलं तिकडे, प्रत्येक वेळी मोकळं होण्यासाठी. ‘तो हळू आहे म्हणून एका जागी उभा राहतो’ असा खेळ झाला तर त्याला बाहेर काढा, ती रेजिस्ताची जागा नव्हे. शाळेचं मैदान लहान असेल आणि सातांचा सामना असेल तर दोन मागं, तीन मध्ये, एक पुढं, आणि मधल्या तिघांतला मधला हा.

त्याच्यामागे माणूस लावला तर

चांगला संघ हे करतोच. मार्च २०१० मध्ये मँचेस्टर युनायटेडनं पार्क जी-संगला सामनाभर पिर्लोच्या मागं लावलं आणि ओल्ड ट्रॅफर्डवर मिलान ४-० हरला. त्या सामन्यातून शिकायचं ते हे की अशा वेळी पोराला ‘सुटून दाखव’ म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. त्याला उलट मैदानाच्या कडेला जायला सांगा. मागचा माणूसही त्याच्याबरोबर जाईल आणि मधली जागा रिकामी होईल. त्या जागेत सेंटर बॅकनं चेंडू घेऊन चालत यायचं. पुढं युव्हेंटसमध्ये हीच सोय होती, पिर्लो अडला की मागून बोनुच्ची लांब पास द्यायचा. म्हणून दोन सेंटर बॅकपैकी एकाला तरी ३० मीटरचा पास शिकवून ठेवा.

फ्री किक आणि पेनल्टी

पिर्लोनं ब्राझीलच्या जुनिन्योच्या फ्री किकचा बारकाईनं अभ्यास केला होता. चेंडू फारसा न फिरता भिंतीवरून, म्हणजे समोर ओळीत उभ्या बचावपटूंच्या डोक्यावरून जायचा आणि गोलजवळ एकदम खाली बसायचा. पाय जवळजवळ सरळ, पंजाच्या बोटांच्या भागानं चेंडूच्या खालच्या अंगाला ठोका, आणि ठोक्यानंतर पाय फार वर न नेता थांबवायचा. चेंडू फिरत नसला की त्याच्या शिवणीवरून जाणारी हवा एकसारखी राहत नाही, म्हणून तो हेलकावतो आणि गोलरक्षकाला अंदाज येत नाही.

९.१५ मीटरवर गाठ मारलेला एक दोर कायम किटमध्ये ठेवा, पावलं मोजून भिंत लावू नका. भिंतीसाठी दोन बांबू रोवून मध्ये १.८ मीटर उंचीपर्यंत रिकामी पोती बांधा. चेंडू २० ते २२ मीटरवर. हवा भरायचं तोंड स्वतःकडे करून ठेवा, म्हणजे दर वेळी चेंडू सारखाच बसतो. आठवड्यातून दोनदा, एका वेळी जास्तीत जास्त वीस. वाढत्या वयाच्या पोरानं रोज पन्नास-पन्नास मारले की जांघेत दुखू लागतं आणि मग महिनाभर खेळच बंद. अनवाणी हा ठोका कधीही मारू देऊ नका, बोटं मोडतात.

पेनल्टीबद्दल पोरं एकच विचारतात: २४ जून २०१२, कीव, युरो स्पर्धेत इंग्लंडविरुद्ध मारलेली ती. इटली शूटआऊटमध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या पेनल्ट्यांत, मागे होती, मोंतोलिवोची हुकली होती. पिर्लोनं गोलरक्षक हार्ट आधीच झेपावतो हे हेरलं आणि चेंडू हलकेच मधोमध टाकला. इटली ४-२ नं जिंकली. हा ठोका दाखवा, सरावात गंमत म्हणून मारू द्या, सामन्यात परवानगी देऊ नका. आपल्याकडचे गोलरक्षक बरेचदा जागचे हलत नाहीत, आणि न हललेल्या गोलरक्षकाच्या हातात हा चेंडू अलगद जातो. पिर्लोची २००५ च्या चॅम्पियन्स लीगच्या इस्तंबूलमधल्या अंतिम सामन्यातली पेनल्टीही अडवली गेली होतीच. पुढच्याच वर्षी बर्लिनला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शूटआऊटची पहिली पेनल्टी त्यानंच मारली आणि गोल केला. पोराला कोपरा आधी ठरवायला सांगा, ठरला की बदलायचा नाही.

वही

सामन्यात एका राखीव गड्याला कडेला वही घेऊन बसवा. तीन रकाने: दिलेले पास, हुकलेले पास, आणि आपल्या अर्ध्या मैदानात गमावलेले चेंडू. गोल, असिस्ट (गोल होण्याआधीचा शेवटचा पास) लिहू नका, या जागेवरच्या पोराचे ते फार नसतात आणि रिकामे रकाने पाहून तो खचतो. तिसरा रकाना सर्वात महत्त्वाचा, कारण तिथं गमावलेला चेंडू सरळ आपल्या गोलवर जातो. पहिल्या अर्ध्यात तिसऱ्या रकान्यात चारपेक्षा जास्त रेघा पडल्या, तर मध्यंतरात त्याला सांगा की आता दहा मिनिटं फक्त एका टचचा पास, तोही मागं किंवा आडवा. श्वास जागेवर आला, मान पुन्हा फिरायला लागली की मग पुढं खेळू द्या.